समोरचा पाळणा

आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे गैरसमज नको — भूत, भानामती, अंगात येणं, यातल्या कशावरही माझा विश्वास नाही. नव्हता, आणि आजही नाही. चौतीस वर्षं हायस्कूलमध्ये सायन्स शिकवलं मी. शाळेच्या दारात कुणी उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं की ते उचलून वर्गात न्यायचो, त्याच्या रसात लिटमसचा कागद बुडवायचो आणि म्हणायचो, "बघा रे, हे ॲसिड आहे, करणी नाही." स्टाफरूममधले लोक म्हणत, "सर, एक दिवस तुम्हालाच बाधेल." मी हसून सोडून द्यायचो. त्यांना काय सांगणार… मला जे बाधायचं ते एकोणिसाव्या वर्षीच बाधून गेलं होतं.

मागच्या वर्षी मुलाकडे व्हिएन्नाला गेलो होतो. ऑस्ट्रियाची राजधानी. तिथे एक जुना, प्रचंड मोठा पाळणा आहे. त्याला झोपाळे नाहीत, लाल रंगाच्या लाकडी खोल्या आहेत, खिडक्यांसकट. मुलाने हौसेने तिकिटं काढली, रांगेत तासभर उभे राहिलो, आणि खोलीचं दार उघडल्यावर मी पाय आत ठेवला नाही. मागे वळलो आणि बाकावर जाऊन बसलो. मुलगा वैतागला. "बाबा, उंचीची भीती वाटते का? आधी सांगायचं ना!" मी म्हटलं, "हो, उंचीचीच." तो एकटाच वर गेला. त्याला जे सांगता आलं नाही ते इथे लिहितो आहे.

आमची वाडी बेलापूरपासून दोन कोसांवर, प्रवरेच्या काठी. घरात आप्पा — म्हणजे वडील, आई, थोरला भाऊ सखाराम, ज्याला मी दादा म्हणायचो, त्याची बायको पार्वतीवहिनी, आणि शेंडेफळ मी. दादा पलटणीत होता. एक्केचाळीसच्या फाल्गुनात रजा घेऊन आला, लग्न झालं, चैत्रातली भैरोबाची जत्रा झाली आणि लग्नापासून आठव्या दिवशी तो परत गेला. वहिनीचा संसार झाला तो एवढाच.

जत्रा नदीच्या वाळवंटात भरायची. गफूरचाचांचा रहाटपाळणा दर वर्षी यायचा. उभे दोन खांब, मध्ये आस, चार आरे आणि प्रत्येक आऱ्याच्या टोकाला एक लाकडी पाळणा. इंजिन वगैरे काही नाही. खांबाला लागून एक माच असे, त्यावर उभं राहून चाचा हाताने आरे ओढत. हाताने फिरवायचं म्हणजे समोरासमोरच्या पाळण्यांत तोल लागतो, नाहीतर जड बाजू खाली येऊन बसते. माणसं कमी असली की चाचा समोरच्या पाळण्यात नदीतले धोंडे ठेवत. सारख्या वजनाचे, काही निम्म्या वजनाचे, चुन्याने रंगवलेले. माणसाकडे नुसतं बघून ते सांगत — हा तीन धोंड्यांचा, ही दोनाची. कधी चुकायचे नाहीत.

आमच्याकडे तेव्हा रीत अशी, की नव्या जोडप्याने जत्रेत पाळण्यात बसायचं, पण एका पाळण्यात नाही. चारचौघांत, सासूसासऱ्यांसमोर नवराबायको मांडीला मांडी लावून बसणार? छे! समोरासमोरच्या पाळण्यांत बसायचं. ती वर गेली की तो खाली, तो वर गेला की ती खाली. फेऱ्यात दोनदा, अगदी मध्यावर, दोघं एका उंचीवर येत आणि तेवढंच काय ते एकमेकांकडे बघून घेत.

"सखाराम चार धोंड्यांचा, सूनबाई अडीच," असं म्हणून चाचांनी वहिनीच्या पाळण्यात दीड धोंडा ठेवला होता. दादाला गंमत सुचली. मध्यावर आला की तो पाय पुढेमागे मारून आपला पाळणा हलवायचा. वहिनी घाबरून पदर दातात धरायची आणि चाचा ओरडायचे, "सखाराम, पाय आवर!" मी खाली उभा राहून हसत होतो.

बेचाळीसमध्ये दादा आफ्रिकेच्या वाळवंटात जर्मनांच्या हाती सापडला; कैद्यांना तिथून युरोपात नेलं. त्यानंतर कैदेतून एकच पत्र आलं. गावाचं नाव काळ्या शाईने खोडलेलं. बायकोला पत्र लिहायची पद्धत नव्हती, म्हणून ते माझ्या नावावर होतं, आणि शेवटी लिहिलं होतं: "वहिनीला सांग, हितल्या राजधानीत आभाळाएवढा पाळना हाय. कामाला नेताना लॉरीतून पाहिला. त्याला खोल्या हायत, नवराबायको एका खोलीत बसत्यात, कोन काय म्हनत न्हाई. आपल्याला आपली जत्राच बरी. आलो की पहिल्या जत्रेला तिच्या समोरच्या पाळन्यात मीच." वहिनीला वाचता येत नव्हतं. तिने ते पत्र माझ्याकडून इतक्या वेळा वाचून घेतलं, की मला आजही त्यातला शब्दन् शब्द पाठ आहे.

लढाई संपली. कैदी सुटून घरोघरी आले. पारनेरकडचे आले, संगमनेरचे आले. दादा नाही. लिहिलेल्या प्रत्येक अर्जाला "तपास चालू आहे" एवढंच उत्तर. असं करत सेहेचाळीसचा चैत्र उजाडला आणि आप्पांनी गुरुजींना बोलावलं. माणूस गेला पण देह मिळाला नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. अमावास्येचा दिवस ठरला.

आप्पा दुष्ट नव्हते हो. ते जेवायचे बंद झाले होते. म्हणायचे, "ल्योक तान्हेला फिरतोय कुटंतरी. त्याला पानी कोन पाजनार? बापानं न्हाई तर कोनी?" आणि वहिनी म्हणायची, "जित्या मानसाला जाळताय तुमी, मामंजी!" घरात दोन माणसं एकाच माणसासाठी जिवाच्या आकांताने भांडत होती. आप्पांनी पळसाची पानं आणून ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवली. वहिनीने ती गव्हाणीत टाकून बैलांना चारली. आप्पा पुन्हा रानात गेले आणि पुन्हा पानं घेऊन आले. वहिनीने ती चुलीत घातली. ते तिसऱ्यांदा गेले.

त्या दिवशी वहिनी गोठ्यात माझ्या पायाशी बसली. धाकट्या दिराच्या पायाशी! म्हणाली, "भावजी, तुमी शिकलेलं हायसा. कायबी करा, पर ह्ये थांबवा. माजं कुकू पुसलं तर मी प्रवरेत जीव दीन. ते आल्यावर त्यास्नी कोनत्या तोंडानं दार उगडू?"

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. संगमनेरला राहून शिकलेलो, तरफ आणि तराजू डोक्यात ताजे. मला एक कल्पना सुचली, आणि ती सुचल्याचा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू… आज त्या आनंदाचीच चीड येते.

मी आप्पांना म्हणालो, "आप्पा, तुम्ही प्रत्येक गोष्टीला देवाचा कौल घेता. या वेळी दादाचाच कौल घ्या. त्याने वहिनीला शब्द दिलाय. समोरच्या पाळण्यात मीच बसेन म्हणून. तो गेला असेल तर शब्द पाळायला येईल. तुम्हीच म्हणता ना, गेलेला माणूस अडकलेल्या शब्दासाठी येतो? वहिनीला पाळण्यात बसवू, समोरचा रिकामा ठेवू. दोन्ही पाळणे मध्यावर, एका उंचीवर आणून हात सोडू. रिकाम्यात दादा असला तर तोल राहील, मग करा तुमचा विधी. नसला तर वहिनी खाली येईल. म्हणजे तो जिवंत आहे, आणि पुन्हा पुतळ्याचं नाव काढायचं नाही."

आप्पांनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. मग म्हणाले, "व्हय. ह्यो कौल खरा."

तुमच्या लक्षात आलंच असेल. रिकाम्या पाळण्याला वजन नसतं. वहिनी खाली येणार हे सूर्य उगवण्याइतकं नक्की होतं. मी माझ्या बापाला त्याच्याच श्रद्धेने फसवत होतो, आणि मला त्याची लाज नव्हती. वहिनीलाही मी हे समजावून सांगितलं. लग्नानंतरच्या त्या आठ दिवसांनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

जत्रेचा दिवस. भर दुपार, वाळू तापलेली, वाऱ्याची झुळूक नाही. माणसं सावलीला जेवायला बसली होती, म्हणून पाळण्याजवळ गर्दी नव्हती. गफूरचाचा आधी ऐकेचनात. "समोर रिकामा? आन् बाई एकटी? आसं मी कदी केलेलं न्हाई बाबा. आदळल की!" मग मी दादाचं नाव घेतलं. ते थांबले. त्यांनी वहिनीकडे बघितलं. "अडीच," असं स्वतःशीच पुटपुटले, आणि माचावर चढले. मीही चढलो.

मी सायन्सवाला, तेव्हा प्रयोग आधी तपासून घेतला. मुद्दाम सांगतो, कारण पुढे तुम्ही तेच विचारणार आहात. चारही पाळणे रिकामे असताना रहाट कुठेही थांबवला तरी तिथेच राहत होता. एका पाळण्यात एक धोंडा ठेवून मध्यावर आणला आणि सोडला — धाडकन खाली. आस मोकळी होती, सकाळीच वंगण घातलेलं. सगळं कसं पुस्तकातल्यासारखं.

वहिनी बसली. हिरवी साडी, कपाळभर कुंकू. खाली आई आणि आप्पा उभे, आप्पांच्या हातात नारळ. चाचांनी आणि मी तिचा आरा धरून हळूहळू वर उचलला. चांगलाच जड. तिचा पाळणा एका बाजूला, रिकामा दुसऱ्या बाजूला, दोन्ही बरोबर एका उंचीवर आले. माझे दंड भरून आले होते. मी ओरडलो, "आप्पा, बघा हं! सोडतोय!"

आम्ही हात सोडले.

वहिनी खाली आली नाही.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "धरलंय व्हय रं तू?"

"नाही. तुम्ही?"

त्यांनी दोन्ही हात वर करून दाखवले. मला वाटलं, आस अडकली. तेच वाटणार ना! चाचांनाही तेच वाटलं असावं. त्यांनी वहिनीच्या आऱ्यावर एक बोट ठेवून नुसतं दाबलं. आरा अलगद चार बोटं खाली गेला. खालून बोट लावलं, तर अलगद वर आला. कुठे अडकत नव्हता, घासत नव्हता. तुमच्या सोनाराच्या तराजूसारखा तोल होता. मी स्वतः बोट लावून पाहिलं. माझ्या या बोटाने.

चाचा अगदी हळू म्हणाले, "अडीच धोंडे. बाईंच्या बरोबरीनं कोनतरी हाय."

आणि मग समोरचा पाळणा हलायला लागला. फिरला नाही — जागच्या जागी, पुढेमागे. वारा नव्हता, मी आधीच सांगितलंय. वहिनीचा पाळणा स्थिर, वरचा-खालचा स्थिर, आणि तो एकटा पुढे, मागे, पुढे, मागे… आत बसून कुणी पाय मारावेत तसा.

चाचांच्या तोंडातून नेहमीची हाक निम्मी बाहेर आली. "सखाराम, पाय…" आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मी वहिनीकडे बघितलं. ती पुढे झुकून समोर बघत होती. चेहऱ्यावर भीती नव्हती. काय होतं ते मला लिहिता येत नाही. ती म्हणाली, आणि आजूबाजूला पिपाण्या वाजत असताना मला ते स्वच्छ ऐकू आलं —

"अवो… किती वाळलाय वो तुमी."

मग रडायला लागली. "खायाला घालत न्हवते का वो तितं?"

किती वेळ गेला सांगता येत नाही. दूध उतू जायला लागतो तेवढा असेल. आप्पा खालून विचारत होते, "काय झालं? काय झालं रं?" वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि नवरा शेतावर निघाल्यावर बायको बोलते तशा आवाजात म्हणाली, "जावा आता. मामंजी पानी देत्याल. माजी काळजी करू नगा."

समोरचा पाळणा थांबला. त्याच क्षणी वहिनीचा आरा खाली यायला लागला. चाचांनी आणि मी झडप घालून धरला, आणि तिचं सगळं वजन एकदम आमच्या हातात आलं. आत्तापर्यंत ते कुणी पेललं होतं… हा प्रश्न मी तेव्हापासून स्वतःला विचारतो आहे.

ती उतरली. सरळ आप्पांकडे गेली. मला वाटलं होतं ती किंचाळेल, नदीकडे धावेल. मी माचावरून उडीच टाकली होती तिला धरायला. पण ती फक्त म्हणाली, "मामंजी, पानांवरचं गोनपाट सुकलं आसंल. भिजवून ठिवा."

आप्पांनी नारळ तापल्या वाळूत ठेवला. म्हणाले, "पोरी, मला वाटलं हुतं तू जिकशील गं. म्हनून तर मी व्हय म्हनलं." माझ्या बापाला हरायचं होतं, हे मला तेव्हा कळलं. आम्ही सगळेच एका बाजूला होतो, आणि दुसऱ्या बाजूला कुणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो. धोंडे ठेवून, काढून, दहा वेळा तपासलं. दहाही वेळा जड बाजू खाली. चाचा मला अडवत नव्हते, नुसते बघत होते. शेवटी म्हणाले, "आता पुरे कर बाबा." आणि त्या जत्रेत त्यांनी तो एक पाळणा दोरीने बांधून ठेवला, कुणाला बसू दिलं नाही.

अमावास्येला विधी झाला. वहिनीने बांगड्या कुणाला फोडू दिल्या नाहीत, स्वतःच्या हाताने उतरवून ठेवल्या.

पाऊसकाळ सरल्यावर पारनेरकडचा एक जण दादाचं घर शोधत आला. त्याच्याबरोबर कैदेत होता. स्वतःच आजारातून उठायला वर्ष गेलं म्हणून उशीर झाला, म्हणाला. दादा लढाई संपायच्या आधीच्या हिवाळ्यात गेला होता. ताप, आणि खायला पुरेसं नाही. "मीच उचलून नेला त्याला," तो आप्पांना सांगत होता. "काय धिप्पाड गडी हुता! आन् उचलला तर बाईमानसायेवढं वजन. मला उचलायला दुसरा मानूस लागला न्हाई." पाळण्याबद्दल त्याला कुणी एक अक्षर सांगितलेलं नव्हतं.

योगायोग म्हणाल? म्हणा. सामूहिक भास म्हणाल? माझ्या बोटाला भास झाला होता का? आस अडकली असेल, असं मी स्वतःला हजार वेळा सांगून पाहिलं. अडकलेला आरा बोटाने खालीवर होत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने, आज तो कॉलेजात फिजिक्स शिकवतो, तीन पानं आकडेमोड करून पाहिली आणि शेवटी म्हणाला, "सर, समोर तेवढंच वजन असल्याशिवाय होत नाही." हे मला माहीत होतं रे बाबा!

पण मला छळलं ते दुसऱ्याच गोष्टीने. मी ती युक्ती काढली नसती, तर अमावास्या कशीतरी टाळता आली असती. तो पारनेरचा माणूस येईपर्यंत सहा-सात महिने वहिनीचं कुंकू राहिलं असतं. तेवढी आशा मी तिच्याकडून काढून घेतली, शहाणपणाच्या तोऱ्यात. वहिनी आमच्याच घरी राहिली. शेत तिने सांभाळलं, माझी पोरं तिने वाढवली. मी तिच्या डोळ्याला डोळा भिडवून कधी बोललो नाही.

तिच्या शेवटच्या आजारपणात एकदाचा धीर केला. म्हटलं, "वहिनी, मला माफ करा. मी तो पाळणा काढला नसता तर…"

तिने मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "भावजी, तुमी येडं हायसा का? त्यो पारनेरचा मानूस निस्ता निरोप घिऊन आलता. तुमच्यामुळं मला ते भेटलं." आणि थोड्या वेळाने, "पाय हलवत हुते. बगितलंसा न्हवं?"

"बघितलं," मी म्हणालो.

व्हिएन्नाच्या त्या बाकावर बसून मी ते आभाळाएवढं चाक फिरताना बघत होतो. हाच तो, दादाने लॉरीतून पाहिलेला पाळणा. मुलगा वरून खिडकीतून हात हलवत होता. मी विचार करत होतो, आत का नाही गेलो? भुताची भीती नाही मला, सांगितलंय ना आधीच. त्या चाकाला यंत्र फिरवतं. समोरच्या खोलीत कुणी आहे की नाही, हे तिथे कुणाच्या हाताला कळायचं नाही.